जुळाऱ्याने नीट लावलेल्या स्प्रिंगा

छापखाना बंद पडून वीस वर्षं झाली, तरी गल्लीत त्याला सगळे जुळारीच म्हणत. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पानं उभी करण्यात त्याची हयात गेली होती. पान छापून झालं की ते मोडायचं आणि प्रत्येक खिळा खोक्यातल्या आपापल्या घरात टाकायचा, ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरातले चमचेसुद्धा तो मापाने लावून ठेवी. बायको म्हणे, "अहो, चमचे आहेत ते. त्यांची कितीही ओळ लावा, वाचता यायची नाही."

बायको वेगळ्याच मातीची. डावा पाय लहानपणीच गेलेला, पण घरात गाडी चालवायची ती तीच. ती लांबलचक मोटार तिने घेतली तेव्हाच जुनी होती, आणि घेतली ती एकाच कारणासाठी. तिचे गिअर आपोआप पडत, क्लच नव्हता, डाव्या पायाला काही कामच नव्हतं. तीस वर्षं तिने नवऱ्याला कामावर सोडलं आणि आणलं. तो गाडी कधी शिकला नाही. शेजारी ऐटीत बसायचा आणि वळणावर उगाच हात बाहेर काढायचा.

चार वर्षांपूर्वी गिअरबॉक्स बसला. पुढे बघू, पुढे बघू करत गाडी छपरीखालीच राहिली. या वर्षी बायकोच्या उजव्या पायातही मुंग्या यायला लागल्या, हातातून कप निसटू लागला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा आजार चढतच जाणार. उजव्या पायात जोर राहील तो दोन महिने, फार तर अडीच. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही.

"मला एकदा माझी गाडी चालवायचीय," ती घरी आल्यावर म्हणाली. "पुलापर्यंत जाऊन यायचं. बस."

पुतण्याने आपली नवी गाडी पुढे केली. तीही बिनक्लचची. "तिच्यात मी पाहुणी," असं म्हणून तिने विषय संपवला.

झालं. जुळारी गॅरेजांचे उंबरठे झिजवायला लागला. एकाने बॉनेट उघडायच्या आधीच हात जोडले. दुसरा म्हणाला, "काका, साधा गिअरबॉक्स टाकून देतो, क्लचसकट. आठ दिवसांत पळेल." क्लच दाबणार कोण, हे त्याला सांगता सांगता जुळाऱ्याचा आवाज बसला. तिसऱ्याने तर गाडी भंगारात मागितली. दीड आठवडा असा पाण्यात गेल्यावर एका टायरवाल्याने एका म्हाताऱ्या फिटरचा पत्ता दिला. फिटर काम सोडून कधीच घरी बसला होता. पण कोणती गाडी आहे ते ऐकलं आणि तो उठून चपला शोधायला लागला.

फिटर जुळाऱ्याच्या छपरीतच कामाला बसला. त्याची रीत अशी की कागदावर काही लिहायचं नाही. अशा गिअरबॉक्सच्या पोटात एक जाड ठोकळा असतो. तेल कुठल्या वाटेने जाणार आणि गिअर कधी पडणार, हे तो ठरवतो. त्यातल्या स्प्रिंगा ज्या क्रमाने निघाल्या, त्याच क्रमाने फिटरने पांढऱ्या चादरीवर मांडल्या. तेवीस स्प्रिंगा. बहुतेक दिसायला सारख्या, पण जोर प्रत्येकीचा निराळा. या गाडीचं पुस्तक शोधूनही मिळालं नव्हतं, तेव्हा ती चादर हेच पुस्तक. रबरी कड्या बाजारात नव्हत्या, म्हणून त्या बनवून आणायला तो दोन दिवस परगावी गेला. चादरीला हात लावू नका, हे सांगायचं त्याला सुचलंच नाही. पन्नास वर्षांत कोणी लावला नव्हता.

जुळारी छपरीत येरझाऱ्या घालत होता. दिवस हातातून चाललेले, आणि समोर हा पसारा, लांब स्प्रिंगेशेजारी आखूड, सगळ्या तेलाने माखलेल्या. त्याला राहवेना. फिटर आला की त्याचा तेवढाच वेळ वाचेल, या हिशेबाने त्याने एकेक स्प्रिंग रॉकेलने धुतली, पुसली, आणि मापाप्रमाणे लावून खिळ्यांच्या जुन्या खोक्यात, एकेका घरात ठेवली. सबंध दुपार त्यात गेली. कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं.

फिटर परत आला, खोकं बघितलं आणि खालीच बसला. ओरडला नाही.

"कुठली कुठे होती, आठवतंय का?"

जुळाऱ्याला काही आठवत नव्हतं. मोडलेलं पान त्याने आयुष्यात कधी लक्षात ठेवलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "हिला सांगू नका."

मग जे दहा दिवसांत व्हायचं, त्याला सात आठवडे लागले. फिटर अंदाजाने स्प्रिंगा बसवायचा, पुतण्याला हाताशी घेऊन अख्खा गिअरबॉक्स गाडीला चढवायचा, गाडी हिसका देऊन थांबायची, की पुन्हा सगळं खाली. आत खुर्चीत बसून बायको विचारायची, "तुमचा फिटर म्हणजे गोगलगाय आहे का हो?" जुळारी म्हणायचा, "वय झालंय त्याचं." असं म्हणताना त्याला स्वतःची किळस यायची.

एका मंगळवारी सकाळी गाडी जशी हवी तशी चालली. फिटरने ती अंगणात आणून उभी केली. दोघांनी मिळून बायकोला उचललं आणि चालकाच्या जागेवर बसवलं. तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला, आरसा नीट केला, आणि उजवा पाय उचलायला गेली. पाय उचलला गेला नाही. तिने दोन्ही हातांनी मांडी धरून तो पेडलवर ठेवला. तो घसरून खाली आला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. इंजिन अगदी छान चालू होतं.

"पंधरा दिवसांपूर्वी उचलत होते मी," ती म्हणाली.

फिटरने मान खाली घातली. "बाई, मला उशीर झाला. चूक झाली माझ्या हातून."

ती रडत होती. तिने कसाबसा हात पुढे करून फिटरच्या हातावर ठेवला. "असू दे, भाऊ. मनाला लावून घेऊ नका. मी माफ केलं."

जुळारी गाडीचं दार धरून उभा होता. बोलायची हीच वेळ आहे, हे त्याला कळत होतं. त्याने सदऱ्याच्या बाहीने दाराची काच पुसायला घेतली.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. रोज सकाळी तिचं तोंड पुसताना तो ठरवायचा, आज सांगायचं. ती त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघायची की तो टॉवेल पिळायला आत निघून जायचा.

ती गेल्यावर काही दिवसांनी तो फिटरच्या घरी गेला. ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "त्या दिवशीची माफी माझी होती."

"माहीत आहे मला," फिटर म्हणाला. "पण ती आता तुम्हाला देऊ कशी?"