बाविसाव्या मजल्यावरची ओटी

बडनेरा स्टेशनवर गाडी हलली तरी आईने खिडकीच्या गजातून माझं मनगट धरून ठेवलं होतं. "बेबी, तुझं घर एकदा डोळ्यांनी पाहू दे मला," ती म्हणत होती, आणि मागून बाबा ओरडत होते, "अगं सोड तिचा हात, गाडी सुटली!" त्याला सोळा-सतरा वर्षं झाली. मधल्या काळात बाबा गेले, आईचे गुडघे गेले, आणि माझं घर पाहायचं तिचं राहूनच गेलं.

हे मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि इकडे आलेल्यांसाठीही, कारण आपल्यापैकी प्रत्येकाकडे एक दादा येऊन गेलेला असतो. मला राग आलाय. तो लपवून गोड गोड लिहिणं मला जमत नाही, आधीच सांगते.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ आणि वहिनी आमच्याकडे कॅनडात, हॅमिल्टनला आले. आई त्यांच्याजवळच असते, अमरावतीला. तिने वहिनीच्या पर्समध्ये हिरवा खण, हळकुंड, सुपारी बांधून दिलं आणि बजावलं, "बेबीला तिच्या घरात, देवापुढे पाटावर बसव. ओटी भर. दादाला फोटो काढायला सांग. तेवढंच मला तिचं घर दिसेल." ती स्वतः ओटी भरत नाही. बाबा गेले त्या दिवसापासून तिने ते सोडलं. यावरून मी फोनवर किती भांडले असेन! जिने मला जन्म दिला तिचा हात माझ्या ओटीला चालत नाही, हा कुठला न्याय? तर म्हणायची, "राहू दे गं, तुला नाही कळायचं."

मी सगळी तयारी करून ठेवली होती. ग्रोसरीतून नारळ आणला, पाट घासला, देव उजळले. रोज सकाळी वहिनी म्हणायची, "आज नको ताई, आज नायगारा आहे ना." मग टोरांटोचा टॉवर. मग मॉल. एक दिवस मीच दादाला म्हटलं, जरा घराचे फोटो काढ ना. त्याने खिडकीतून लांबवरच्या पोलादाच्या कारखान्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथे काय काढू? धुराडी?"

धुराडी! अरे, याच धुराड्यांच्या गावात मी तीन वर्षं दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये राहिले. अमरावतीच्या लॅबमधला माझा अनुभव इथे कुणी विचारात घेईना. दिवसा वृद्धाश्रमाच्या वॉशरूम्स धुतल्या, संध्याकाळी अभ्यास केला, परीक्षा दिल्या, तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पाय ठेवता आला. हे विटांचं जुनं घर घेतलं तेव्हा भिंती मी आणि विलासने रंगवल्या. विलास म्हणजे माझा नवरा. तो रात्रपाळीला गेला की ड्राइव्ह-वेवरचा बर्फ मी फावड्याने उपसते. यातलं दादाने काहीच विचारलं नाही. त्याला घाई होती शिकागोची. "आता खरी अमेरिका बघायची," म्हणाला. मी म्हटलं, दादा, तू कॅनडात आलायस. तर म्हणे, "तेच ते."

तेच ते! विलासने आठ तास गाडी चालवली, मी धपाटे आणि चटणी बांधून घेतली, आणि आम्ही गेलो शिकागोला. शहर सुंदर आहे, उगाच खोटं कशाला बोलू. तळं असं की पलीकडचा काठ दिसत नाही. रस्त्यांच्या वर लोखंडी पुलांवरून रेल्वेगाड्या खडखडत जातात, खाली माणसं निवांत कॉफी पितात. नदीच्या दोन्ही बाजूंना बिल्डिंगा अशा उभ्या की बघून मान दुखते. एकटी असते तर त्या नदीकाठी नुसती बसून राहिले असते. पण माझ्या हातात दादाचा नवा कॅमेरा होता. दादा-वहिनी नदीपुढे, दादा-वहिनी चकचकीत पोलादी शिल्पापुढे, दादा-वहिनी पिझ्झ्यापुढे. "बेबी, थोडी मागे जा, वरचं टोक कापू नको." मागे जाता जाता एकदा मी सायकलवाल्यावर आदळले, तर वहिनी म्हणते, "कॅमेरा बघा हो!" चार दिवसांत सातशेच्या वर फोटो झाले. त्यात मी एकाही फोटोत नाही.

म्हणजे, एकात आहे.

निघायच्या सकाळी हॉटेलच्या बाविसाव्या मजल्यावर वहिनीने पर्समधून खण काढला. "अहो, ताईंची ओटी इथेच उरकून घेऊ या का? मागे व्ह्यू काय भारी आहे!" माझा नारळ हॅमिल्टनला देवापाशी. मग नारळाच्या जागी नाश्त्याच्या हॉलमधलं सफरचंद आलं. तांदळाच्या जागी कॉर्नफ्लेक्स. "भावना महत्त्वाची," वहिनी म्हणाली. मला त्याच क्षणी उठून जायचं होतं. पण भरायला घेतलेली ओटी नाकारायची नसते, हे इतकं अंगात मुरलंय की मी मुकाट्याने पदर, म्हणजे जॅकेटच, पुढे केलं. दादाने मोबाइलवर फटकन फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला: 'बेबीची ओटी भरली!'

हॅमिल्टनला परतलो आणि दोन दिवसांनी ते गेले. जाताना त्या नारळाच्या वड्या करून मी वहिनीलाच बांधून दिल्या. रागाच्या भरात साखर जास्त पडली.

आठवड्याने आईचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "बाप्पा! बाविसावा मजला गं? साऱ्या कॉलनीला दाखवला मी फोटो. पण भिंतीच नाहीत तुझ्या घराला, साऱ्या काचा! साडी बदलतेस कुठे? अन् देव कुठे ठेवलेस? मला दिसले नाहीत."

मी फोन ठेवला आणि दादाला लावला. तो म्हणतो, "राहू दे ना. खूश आहे ती." खूश! माझ्या आईने हॉटेलची खोली बघून खूश व्हायचं? माझ्या सोळा वर्षांच्या जागी कुणाचा तरी भाड्याचा सोफा? मी त्याला असं झापलं की विलास जिन्यावरून खाली आला.

पण झापता झापता माझीच जीभ अडखळली. मी तरी इतकी वर्षं काय पाठवलं होतं? लाल पानं, ट्युलिप, बर्फातली खार. बेसमेंटचा एक फोटो नाही. वृद्धाश्रमाच्या युनिफॉर्मचा नाही. आई रडेल म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. खरं तर मला लाज वाटायची. दादाने चार दिवस केलं ते मी सोळा वर्षं केलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी दादाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. "आई, ते हॉटेल होतं. हे माझं घर." आधी बेसमेंट दाखवलं: घर तापवायची भट्टी, कांद्याची टोपली, बर्फातले बूट. मग स्वयंपाकघर, भिंतीवरच्या फोडणीच्या डागासकट. वॉशरूमसुद्धा दाखवली. आधी दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये मी कशी राहिले, कुणाच्या मोऱ्या धुतल्या, तेही सांगून टाकलं. आई रडली नाही. म्हणाली, "भिंती आहेत, बरं झालं." थोड्या वेळाने म्हणाली, "मोऱ्या मीही धुतल्या गं. सांगायचं की." मग देव दिसले तशी हटूनच बसली: "ती ओटी मी धरत नाही. आत्ता भरून घे. शेजारी कुणी बाई आहे का?"

शेजारी मारिया आहे. पोर्तुगीज, सत्तरीची. माझ्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते आणि तिच्या परसातले टोमॅटो माझ्याकडे. हाक मारली तशी ॲप्रनवरच आली. तांदूळ होते, नारळाच्या जागी मी फ्रिजमधली ओल्या खोबऱ्याची वाटी काढली. मी पाटावर बसले.

"तिचे मालक असतात ना?" आईने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "नाही आई. चार वर्षं झाली."

मागून दादाचा आवाज आला, "मग कसं चालेल?"

मारिया तांदळाची ओंजळ धरून उभी, माझ्याकडे बघत, आपलं काय चुकलं म्हणून.

"तू गप रे. फोन नीट धर," आई म्हणाली. तिने पडद्याजवळ तोंड आणलं, आणि मराठीतला एक शब्दही न समजणाऱ्या त्या बाईला म्हणाली, "भर गं माय. पाच ओंजळी भर. माझ्या हातचीही तूच भर."