दंडावर दंड

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचे, पायाखाली जादाचा ब्रेक आणि क्लच, आणि तोंडात एकच वाक्य: "गाडीला घाई नसते, आपल्याला असते." घाबरट माणसं ही त्यांची खास गिऱ्हाइकं. दुसऱ्या शाळांनी हात टेकलेली माणसं त्यांच्याकडे यायची आणि दोन महिन्यांत बाजारातून गाडी काढायला लागायची. मास्तर कधी कुणावर ओरडले नाहीत. घरीसुद्धा नाही. बायको म्हणायची, "यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. भिंत निदान लागते तरी."

एका सकाळी शिवणकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे शिकत होती. चौकात उजवीकडून एक सायकलवाला आला. मास्तरांच्या पायाखाली ब्रेक होता, पण पाय हललाच नाही. ब्रेक त्या बाईनेच दाबला. सायकलवाला शिवी घालून निघून गेला.

"मास्तर, तुम्ही का नाही दाबलात?"

"तुम्ही दाबता का, ते बघत होतो," मास्तर म्हणाले.

ते खोटं होतं. त्यांना सायकलवाला दिसलाच नव्हता. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक काळं काहीतरी खाली उतरलं होतं, दुकानाचं शटर अर्धं ओढावं तसं. त्यांनी बाईला गाडी हळू परत घ्यायला सांगितली, फी घेतली नाही आणि तसेच दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा निसटलाय. ऑपरेशन झालं. मग दुसरं झालं. दुसऱ्यानंतर उजव्या डोळ्याला जे उरलं ते तेलकट कागदातून पाहिल्यासारखं. शिकवायचा परवाना रद्द झाला, आणि तसं सांगणारा कारकून इतका सौजन्याने बोलला की मास्तरांनी त्याचे आभार मानले.

गाडी त्यांनी आदल्याच वर्षी कर्ज काढून नवी घेतली होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँक खात्यातून आपोआप हप्ता कापून घ्यायची. साठवलेलं सगळं दोन ऑपरेशनांत गेलं. भाड्याचं घर सोडावं लागलं, आणि मास्तर बायकोसह सासूबाईंच्या दोन खोल्यांत राहायला आले. सासूबाईंनी जन्मभर एका सरकारी दवाखान्यात सफाई कामगारांवर मुकादम म्हणून काम केलं होतं. आवाज असा की चार वॉर्ड पलीकडच्या माणसाने बादली उचलावी. जावई घरी राहायला आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, ही खुर्ची तुमची. हिचा एक पाय लंगडा आहे, सांभाळून बसा."

मास्तर त्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले.

दुःख झालं असंही म्हणता येत नव्हतं. बायको सकाळी औषधाच्या दुकानात कामावर जायची, संध्याकाळी यायची. मास्तर जेवायला वाढलं तर जेवायचे. मीठ कमी पडलंय का, विचारलं तर, "ठीक आहे." मीठ घालायचंच राहिलं होतं, हे बायकोला स्वतः घास घेतल्यावर कळायचं. कधी कधी ते खाली जाऊन उभ्या गाडीत बसायचे, शेजारच्याच सीटवर, आणि तासाभराने वर यायचे. गाडी विकायची तर आधी कर्ज फेडलं पाहिजे, आणि कर्ज फेडायचं तर गाडी विकली पाहिजे. बँकेच्या परवानगीने मधला मार्ग निघतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

फोन वाजायचा, संदेश यायचा. पहिले काही मास्तरांनी वाचले. मग फोनचा आवाज बंद केला. मग फोनच कपाटात टॉवेलांखाली ठेवून दिला.

डोळ्याच्या तपासणीची तारीख आली. त्या दवाखान्यात रोख घेत नसत, कार्ड लागायचं. सासूबाईंनी आपल्या पेन्शनमधून काढून मास्तरांच्या खात्यात पैसे भरले. दुसऱ्या दिवशी मास्तर गेले आणि दुपारच्या आतच परत आले. खुर्चीत बसले.

"झाली तपासणी?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. कार्ड चाललं नाही."

"का?"

"खात्यात पैसे नव्हते."

"मी कालच तर भरले."

"हो," मास्तर म्हणाले, आणि उठून पाणी प्यायले.

त्या संध्याकाळी बायकोने टॉवेलांखालून फोन काढला आणि एकेक संदेश मोठ्याने वाचला. हप्त्याला पैसे पुरले नाहीत म्हणून दंड. चार दिवसांनी बँकेने पुन्हा हप्ता कापायचा प्रयत्न केला, तेव्हाही पुरले नाहीत म्हणून पुन्हा दंड. दंडामुळे शिल्लक किमान रकमेच्या खाली गेली म्हणून वेगळा दंड. दंडाला पैसे नाहीत म्हणून दंड उधार. आणि हे सगळं दर महिन्याला. सासूबाईंचे पैसे खात्यात पडले, आणि त्याच दिवशी मागच्या दंडांनी ते गिळून टाकले होते.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पैसे नाहीत म्हणून पैसे घेतले?"

"तसंच," बायको म्हणाली.

"आणि ते माझे घेतले."

"यांच्या खात्यात होते म्हणून यांचे धरले, आई."

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणायचे, ते आज कळलं." सासूबाई जावयाकडे वळल्या. "जावईबापू, तुम्हाला राग नाही येत?"

मास्तरांनी थोडा विचार केला. खरंच शोधून पाहिलं, खिशात हात घालून पाहावं तसं. "नाही येत," ते म्हणाले.

"मग माझा घ्या. माझ्याकडे भरपूर आहे."

दुसऱ्या दिवशी बायकोने सुट्टी टाकली आणि तिघं बँकेत गेली. शाखेचा मॅनेजर काही वर्षांपूर्वी मास्तरांकडेच गाडी शिकला होता. तो काचेच्या खोलीतून धावत बाहेर आला, "मास्तर, तुम्ही!" म्हणत हात हातात घेतला, चहा मागवला. मास्तरांच्या बायकोला हायसं वाटलं. तिने सगळं सांगितलं. मॅनेजर मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "वाईट झालं, मास्तर. पण हे आम्ही कापत नाही. सिस्टिम कापते."

"मग तिला बोलवा," सासूबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"सिस्टिमला. तिच्याशीच बोलते मी."

मॅनेजर हसला. सासूबाई हसल्या नाहीत. तेव्हा त्यानेही हसू आवरलं आणि लेखी अर्ज द्या, वर पाठवतो, असं सांगितलं. चहा चांगला होता. त्यापलीकडे त्या ओळखीचा काही उपयोग झाला नाही.

अर्ज बायकोने लिहिला. आजारपण, बंद पडलेली कमाई, दवाखान्याचे कागद, सगळं जोडलं. बरेच दिवस काही नाही. मग उत्तर आलं: आकारलेले शुल्क नियमांनुसार असून परतावा देता येत नाही. खाली कुणाची सही नव्हती.

औषधाच्या दुकानात येणाऱ्या एका वकिलाने बायकोला सांगितलं, बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं एक सरकारी कार्यालय आहे, तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही, फक्त चिकाटी लागते. चिकाटीला घरात तोटा नव्हता. बायकोने अर्ज केला, आणि सासूबाई दर आठवड्याला त्या कार्यालयात फोन करून विचारत राहिल्या. शेवटी तिथला कारकून त्यांचा आवाज ऐकताच म्हणायला लागला, "आजी, अजून नाही." सुनावणीची तारीख लागली तेव्हा त्याने स्वतः फोन केला.

सुनावणी म्हणजे कोर्ट असेल, असं मास्तरांना वाटलं होतं. निघाली एक साधी खोली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. टेबलाच्या एका टोकाला अधिकारी बाई, केस पिकलेल्या, चष्मा कपाळावर. समोर बँकेचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, पुढ्यात लॅपटॉप. तो म्हणाला, दंडाचे दर कर्जाच्या कागदात लिहिलेले आहेत आणि त्यावर ग्राहकाची सही आहे.

"ते दिसतंय," अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही अडचणीत आहात, हे बँकेला कळवलं होतं का? हा अर्ज तर फार नंतरचा आहे. त्याआधी काही?"

बायको म्हणणार होती, नाही. तिने तोंड उघडलंही होतं.

"हो," मास्तर म्हणाले. "फोन केला होता."

"कधी?"

"पहिल्या ऑपरेशननंतर. पहिला हप्ता चुकायच्या आधी. बँकेचा जो नंबर असतो, त्यावर."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "हे कधी बोलला नाहीत तुम्ही."

"कुणी विचारलं नाही."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

अधिकारी बाईंनी बँकेच्या माणसाला विचारलं, अशा फोनचं रेकॉर्डिंग ठेवता ना? तो म्हणाला, ठेवतो, पण शोधावं लागेल. बाई म्हणाल्या, शोधा. पुढची तारीख दिली.

त्या तारखेला ती सगळी पुन्हा त्याच खोलीत जमली. बँकेच्या माणसाने लॅपटॉप सुरू केला. आधी संगीत वाजलं, मग एका मुलीचा आवाज आला, "मी आपली काय मदत करू शकते?" आणि मग एक पुरुष बोलायला लागला.

"नमस्कार. जरा त्रास देतो हं. माझं गाडीचं कर्ज आहे तुमच्याकडे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे सध्या काम बंद आहे. दोन-तीन महिने हप्ता थांबवता येईल का? फार नाही. डॉक्टर म्हणालेत, दिसायला लागेल. मग मी सगळं भरून टाकीन. माझा एकही हप्ता आजवर चुकलेला नाही, तुम्ही बघा हवं तर."

मुलगी म्हणाली, विनंती नोंदवून घेतलीय, आपल्याला फोन येईल.

"थँक्यू हं. तुमचा वेळ घेतला. दिवस चांगला जावो तुमचा."

आवाज थांबला. मास्तर लॅपटॉपकडे बघत होते. त्यांना वाटलं, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे, पण बऱ्याच दिवसांत भेटलेला नाही. बोलतो किती नीट. आणि किती खात्री आहे त्याला, दिसायला लागेल याची. त्यांना त्या माणसाला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय सांगायचं ते सुचेना.

बायको पदराने डोळे पुसत होती. मास्तरांचे डोळे कोरडे होते.

"या विनंतीचं पुढे काय झालं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

बँकेच्या माणसाने कागद चाळले. "नोंद आहे. पण पुढे कारवाई झालेली दिसत नाही."

"फोन केलात यांना परत?"

"तशी नोंद नाही."

"म्हणजे माणूस आधीच फोन करून सांगतो, मला जमणार नाही. तुम्ही ते लिहून घेता. आणि पुढच्याच महिन्यापासून, जमलं नाही म्हणून दंड लावता."

बँकेच्या माणसाने लॅपटॉप मिटला. सासूबाईंनी मध्ये तोंड घातलं नाही, हे विशेष.

निकाल टपालाने आला. त्या फोननंतर लावलेला प्रत्येक दंड बँकेने परत करायचा, दंडावरचा दंडही, आणि हप्त्यांबद्दल ग्राहकाशी बसून काय झेपेल ते ठरवायचं. मनस्तापाबद्दल मागितलेली भरपाई मात्र नामंजूर. तशी तरतूद आहे, पण या प्रकरणात ती द्यावी असं कार्यालयाला वाटलं नाही. बायकोला ते लागलं. सासूबाई म्हणाल्या, "मनस्ताप माझा होता. यांना कुठे झाला?" मग जावयाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना ते बोलल्याचं वाईट वाटलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच भांडी घासत राहिल्या.

पैसे परत आले त्या दिवशी बायकोने फोन मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी आकडा डाव्या डोळ्याने वाचला. "आले," म्हणाले. सासूबाईंचे पैसे त्याच दिवशी काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्या घेईनात. तेव्हा मास्तर म्हणाले, "आई, घ्या. नाहीतर मला खुर्चीत बसवणार नाही." घरात राहायला आल्यापासून ते सासूबाईंना पहिल्यांदाच स्वतःहून काही सांगत होते. सासूबाईंनी पैसे घेतले.

गाडी बँकेच्याच परवानगीने विकली गेली. गाडी शिकवण्याच्याच धंद्यात नव्याने उतरलेल्या एका तरुण जोडप्याने ती घेतली. किंमत कर्जाला पुरली, वर थोडं उरलं. किल्ली देताना मास्तर म्हणाले, क्लच जरा वर उचलतो, नवख्यांना ते सोयीचं पडतं. गाडी गेल्यावर ते रिकाम्या जागेकडे न बघता वर आले. बायकोने विचारलं, "वाईट वाटलं?" ते म्हणाले, "वाटायला हवं होतं."

त्याच जोडप्याने महिनाभराने निरोप पाठवला. शिकणाऱ्यांना लेखी परीक्षेसाठी नियम आणि खुणा समजावून द्यायला कुणी आहे का, आठवड्यातून तीन दुपारी. मास्तर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. सासूबाईंनी परस्पर हो कळवलं.

आता ते तिथे जातात. पायी जातात, रस्त्याच्या डाव्या कडेने. उजवीकडून कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवून बघतात. वर्गात त्यांचा आवाज अजून सपाट असतो, पाढे म्हटल्यासारखा. मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, समोरचा नियम पाळत नसेल तर आपण का पाळायचा? मास्तरांनी खडू उचलला. मग फळ्याकडे वळून चौकाचं चित्र काढायला लागले. मुलीने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "थांब. विचार करतोय."

घरी येऊन त्यांनी बायकोला ते सांगितलं. ती भाजी चिरत होती. कुणी न विचारता त्यांनी दिवसभरातलं काही सांगावं, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तिने मान वर केली नाही. मान वर केली तर ते थांबतील, अशी तिला भीती वाटली. ती चिरत राहिली, आणि म्हणाली, "मग?"