बिनवासाचं सिलिकॉन

खिशात मोजपट्टी नाही असं त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून गल्लीत सगळे त्याला मोजपट्टीच म्हणायचे. उभा जन्म खिडक्यांना काचा बसवण्यात गेला. घरी काच कापायची असली की बायकोला हाक मारायचा, "टोक धर गं, तू धरलंस की माप खोटं येत नाही."

त्याच बायकोचं डावं अंग दीड वर्षापूर्वी गेलं. वाचाही गेली. आणि डावीकडे काही असतं हेच ती विसरली. ताटाची डावी बाजू तशीच राहायची, डावीकडून कितीही हाका मारा, मान हलायची नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्या बाजूला बघावंसं वाटेल असं काहीतरी ठेवा." लेकीनं माशांची पेटी आणून पलंगाच्या डावीकडे ठेवली. सहा मासे. त्यातला नारिंगी, ढेरपोट्या, कुणाला न जुमानणारा तो सुभेदार. तीन महिने देवानं परीक्षा पाहिली. मग एका सकाळी सुभेदाराच्या मागोमाग तिची नजर गेली, नजरेमागे मान गेली. मोजपट्टी रोज भिंतीवर पेन्सिलीची खूण करी, कालच्यापेक्षा किती वळली त्याची.

पुढे पाणी गढूळ राहू लागलं. छोट्या फिल्टरला ते आवरेना. पेटी जिथून आणली तो मासेवाला म्हणाला, "काका, सम्प बनवा."

"चाळीस वर्षांत कधी संप केला नाही, आता म्हातारपणी करू?"

मासेवाला हसला. "अहो, खाली दुसरी टाकी. आत काचेच्या भिंती. वरचं पाणी उतरतं, एका काचेवरून, दुसरीच्या खालून, स्पंजातून गाळून पंपानं परत वर."

हा तर त्याच्या डाव्या हातचा मळ. काचा कापल्या, बोटाला लागू नये म्हणून कडा घासल्या, भिंतींच्या जागा खुणेनं आखल्या. अडला तो काचा चिकटवायच्या सिलिकॉनपाशी. घरात दोन नळ्या होत्या. एक उघडली की आंबट वास नाकात चढणारी. दुसरी बिनवासाची, न्हाणीघराच्या काचांना लावायची, बुरशी धरू न देणारी.

"आंबट म्हणजे आम्लच की," तो लेकीला म्हणाला. "ते माशांच्या पाण्यात? छे. ही चांगलीतली वापरतो."

"बाबा, मासेवाल्याला विचारा ना एकदा."

"त्यानं आयुष्यात एक तरी काच बसवलीय का? त्याला काय विचारायचं!"

आठ दिवस सुकू दिलं. तीन दिवस पाणी भरून ठेवलं, खाली कोरडा कागद अंथरून. कागदाला ओलीचा ठिपका नाही. ते पाणी ओतून त्यानं वरच्या पेटीला पाण्याच्या नळ्या जोडल्या, पंप लावला. पाणी इतकं नितळ झालं की पेटी रिकामीच वाटावी. बायकोनं त्या दिवशी बराच वेळ मान वळवून ठेवली.

चौथ्या दिवशी दोन मासे तळाशी आडवे. त्यानं अर्धं पाणी बदललं. पाचव्या दिवशी आणखी तीन. सुभेदार वर येऊन नुसतं तोंड उघडत मिटत होता. त्याला बादलीत घेऊन मोजपट्टी जवळजवळ पळतच दुकानात गेला.

मासेवाल्यानं बादलीत डोकावून विचारलं, "सिलिकॉन कुठलं लावलंत?"

"न्हाणीघराचं. बुरशी न धरणारं. आंबट नको म्हणून मुद्दाम."

"काका, आंबटच चालतं. वास उडून जातो. बुरशी मारायला त्या दुसऱ्यात औषध असतं ना, ते पाण्यात उतरत राहतं. बुरशीला मारणारं माशाला सोडेल होय?"

सुभेदार तिथेच, बादलीत गेला.

घरी लेक म्हणाली, "आईला सांगू, मासे औषधाला दुकानात ठेवलेत. उद्या नवे आणू, अगदी तसेच."

"तिच्याशी खोटं नाही बोलायचं."

तो पलंगाच्या डावीकडे, पेटीसमोर बसला. बायको त्याच्या खांद्यावरून मागे रिकाम्या पाण्यात शोधत होती. "गेले गं सगळे," तो म्हणाला. "माझ्या हातानं गेले. नको ते लावलं मी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग मान हळूहळू सरळ झाली, तिथून उजवीकडे, भिंतीकडे गेली.

आंबट सिलिकॉननं त्यानं सगळं नव्यानं बांधलं. नवे मासे आणले, नारिंगीही आणला. व्यायामाच्या बाई येत राहिल्या, मान दोन्ही हातांनी धरून वळवत राहिल्या. सोडली की ती परत भिंतीकडे. आता तो रोज डावीकडे बसून भरवतो. चमचा ओठाला लागला की ती तोंड उघडते, बघत मात्र नाही.