दुधाळ तेल

मेकॅनिकने बोल्ट काढला आणि आमच्या जुन्या मोटरसायकलच्या गिअरबॉक्समधलं तेल ट्रेमध्ये उतरू लागलं. काळपट यायला हवं होतं. आलं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं.

"पाणी शिरलंय. गाडी बुडवली होती का कुणी?"

माझा धाकटा भाऊ लगेच मुलीवर उखडला. "पाइप लावून धुऊ नकोस म्हटलं होतं ना? आता चावी विसर!"

"बाबा, मी नुसती फडक्याने पुसते हो!"

चावी गेली की तिचं कॉलेज अवघड होतं. तरी मी ट्रेकडेच बघत राहिलो. तेलात पाणी मिसळत नाही, असं आपण धरून चालतो. पण गिअर फिरत राहिले की दोन्ही घुसळून एकजीव होतात. गाडी चालते आणि आत दाते झिजत राहतात. घरातल्या गप्प बसण्याचंही असंच होत असावं. त्या दिवशी माझी चिखलाने भरलेली पँट पुतणीनेच धुतली होती. तरी ती माझं नाव घेत नव्हती.

"भरल्या ओढ्यात गाडी मी घातली होती," मी म्हणालो.

भाऊ वळला. "मग दादा, इतका वेळ मला तिच्यावर का ओरडू दिलंस?"