आग: शाप की वरदान

रॉकेलचा वास आला की मला अजून अंबरनाथची शाळा आठवते. फाळणीला दोन-तीन वर्षं झाली होती. गुरुजी आम्हाला निबंध शिकवत होते. आधी आपलं मत सांगायचं, मग एकेक कारण द्यायचं, शेवटी निष्कर्ष. क्रम चुकला की हातावर छडी बसे. त्या दिवशीचा विषय होता, 'आग: शाप की वरदान'.

निर्वासितांच्या कॅम्पातून येणारी सिंधी मुलगी मोहिनी वाचायला उभी राहिली. तिचं मराठी नवं होतं, आवाज सपाट होता.

"आग शाप आहे. पहिलं कारण, जमावाने आमच्या घरावर रॉकेल ओतलं. दुसरं कारण, दाराला बाहेरून कडी घातली. तिसरं कारण, माझी आई आत होती. ती खूप ओरडली, नंतर ओरडायची थांबली. म्हणून आग शाप आहे."

गुरुजी सवयीने विचारून गेले, "आणि वरदानाची बाजू?"

मोहिनीने थोडा विचार केला.

"थंडीत आई शेगडीवर माझे हात शेकायची," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.

मला वाटलं, ती गुरुजींना घाबरली. माझी आई गेल्यावर मला ते रडणं कळलं.