खुर्चीवरचा धवला

आमच्या आगरी लग्नात धवलारीण मांडवात जमिनीवर बसून गाते. देवांना बोलावण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिला तोंडपाठ असतं. पनवेलजवळच्या आमच्या कोन गावात हे काम माझी आई करते. तिचे गुडघे दुखू लागले तेव्हा तिची काळजी एकच होती: धवल्याला बसता येईल का?

पनवेलच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून झीज सांगितली. शस्त्रक्रियेची घाई नाही म्हणाले. नंतर ती आयुर्वेदाच्या एका वैद्यबाईंकडे गेली. त्यांनी वजन उतरवायला, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं घ्यायला सांगितलं. पाय सरळ उचलण्याचा व्यायाम आणि निर्गुडीच्या पाल्याचा शेक सुरू झाला. शिवाय जानुबस्ती: गुडघ्यावर उडदाच्या पिठाचं कडं बसवून त्यात कोमट औषधी तेल धरून ठेवायचं. दवाखान्यात काही वेळा झाल्यावर घरी कसं करायचं तेही त्यांनी दाखवलं.

घरी आईने कडं तांदळाच्या पिठाचं केलं. आमच्याकडे पीठ म्हणजे तांदळाचंच. भाकरीसाठी काढतात तशी उकड काढली, मळली, गुडघ्यावर बसवली. तेल ओतताच कड्याला भेग पडली आणि सगळं तेल चटईवर आलं. वैद्यबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या, उडीद चिकट असतो, तो धरून ठेवतो, म्हणाल्या. पुढच्या खेपेला कडं टिकलं.

त्यांची एक सूचना मात्र आईच्या पचनी पडली नाही.

"मावशी, जमिनीवर बसणं बंद."

बाकी सगळं तिने नेमाने केलं. रात्रीचं सुकट सोडलं, हे तिला सर्वांत जड गेलं. संध्याकाळी ती शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारू लागली. पावसाळा सरेपर्यंत भिंतीला हात न लावता जिना उतरू लागली. दुखणं कमी झालं, गेलं नाही. मांडी घालता येत नव्हती, आजही येत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर शेजारच्या घरून हळदीचं बोलावणं आलं. या खेपेला रोडपालीची धवलारीण आणावी असं त्या घरात बोललं गेलं होतं, आणि ते आईच्या कानावर आलं होतं. तिने बोलावणं घेतलं. हळदीला जाताना घरातली प्लास्टिकची खुर्ची मला उचलायला सांगितली.

नवरी पाटावर आणि धवलारीण खुर्चीवर, हे मांडवातल्या बायकांना रुचलं नाही. कुजबुज झाली. नवरीच्या आजीने तोंडावरच विचारलं, "खुर्चीवर बसून धवला? तू धवलारीन हाय का तहसीलदार?"

"तहसीलदाराला धवला येतो का?" आई म्हणाली. "आवाज गल्यातनं येतो, गुडघ्यातनं नाय."

आजीला हसू आवरलं नाही. आईने देवांना बोलावायला सुरुवात केली आणि हळद उतरेपर्यंत एकही कडवं गाळलं नाही. मागच्या वर्षी ती मधेच पाय चोळत थांबली होती. या वेळी थांबली नाही. बायका तिच्यामागून ओळ उचलत होत्या, त्यात नवरीची आजीही होती. शेवटी आई खुर्चीच्या हातांवर भार देऊन, वैद्यबाईंनी शिकवलं होतं तशी, कोणाचा आधार न घेता उठली.

पुढचं बोलावणं गावातल्याच दुसऱ्या घरचं होतं. सांगायला आलेला माणूस दारातूनच म्हणाला, "काकी, खुर्ची आमी ठेवतो, तुमी आनू नका."

"हातवाली ठेव," आईने सांगितलं.