विड्यासाठी पुढे झालेला हात

नाचाच्या बैठकींविरुद्ध मी पत्रकं काढू लागलो तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. त्यातलं एक अक्षरही मी आज मागे घेत नाही. श्रीमंताघरच्या लग्नात बाईला नाचवणं बंदच व्हायला हवं. पण ते बंद करायला जे पुढे सरसावले, त्यांच्यातले निम्मे त्याच बैठकींत पहिल्या रांगेला तक्क्याला टेकून बसलेले असत. हेही छापायला पाहिजे होतं. छापखानेवाला तयार होईना.

कल्याणात खाडीच्या अंगाला एक म्हातारी कलावंतीण राहत असे. तिची तारीख मिळत नाही म्हणून ठाण्या-भिवंडीची लग्नं पुढे ढकलली जात, एवढं एके काळी तिचं नाव. गुडघे गेले तशी ती बसून अदा करू लागली. पदाची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची आणि दर खेपेला हातांनी, डोळ्यांनी तिचा निराळा अर्थ दाखवायचा. पुढे बैठकीही बंद झाल्या. तिने एक पोर सांभाळली होती, नऊ-दहा वर्षांची. एक दिवस तिने मला बोलावून घेतलं.

"काय हो पत्रकवाले, नाचू नका म्हणून छापता. मग पोरीनं करायचं काय, तेही छापा की."

"शाळेत घाला तिला."

"घाला म्हणे! बसू देतील तुमचे शहाणे?" मग म्हणाली, "शिकू दे तिला. तेवढं करा. पण माझ्या हातातलं माझ्याबरोबर जळून जाणार, याचं वाईट वाटतं बघा."

गावातल्या मुलींच्या शाळेच्या कमिटीशी मी महिनाभर भांडलो. कमिटीचे प्रमुख एक रावसाहेब, निवृत्त मामलेदार. शेवटी त्यांनी अट घातली: म्हातारीने आपला घुंगरांचा चाळ चारचौघांदेखत खाडीत बुडवावा, आणि पोरीच्या अंगी नाचाची खूण दिसली की त्याच दिवशी तिचं नाव काढलं जाईल.

ठरल्या दिवशी कमिटी छत्र्या घेऊन बंदरावर हजर. म्हातारीने घुंगरांचा तो जड चाळ फडक्यातून काढला, कपाळाला लावला. तेवढ्यात होडीवाला ओरडला, "बाय, पानी उतारलाय! चिखलान रुतंल नुसता, सगल्यांना दिसंल!"

मग काय, भरतीची वाट बघत सगळे प्रतिष्ठित गृहस्थ उन्हात तिष्ठत उभे. म्हातारी मात्र पायरीवर बसून पान खात होती. पाणी चढलं, चाळ गेला. लोड-तक्के कुणी बुडवले नाहीत.

पोर शाळेत बसू लागली. वर्षअखेरीस बक्षीससमारंभ ठरला. ठाण्याहून साहेब आणि मडम आलेली. पंतोजींनी एक साधं पद रचलं होतं: गाई घरी आल्या, बाळ अजून आला नाही, आई वाट पाहते. मुली रांगेत उभ्या राहून ते म्हणत होत्या. मधल्या ओळीला ही पोर एक पाऊल पुढे आली.

पाय हलले नाहीत. हात हलले, आणि ओळ तीच, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा आई रागावलेली होती, मग हसू दाबणारी. तिसऱ्यांदा ती दारापर्यंत येऊन परत फिरली आणि हात मात्र चौकटीवरच राहिला. म्हातारीने शिकवलं होतं तर! आता नाव जाणार.

आणि मग ते घडलं. रावसाहेबांच्या तोंडून मोठ्याने "वाहवा!" निघालं, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या तबकातला विडा उचलून त्यांनी हात पुढे केला. बैठकीत यजमान कलावंतिणीला दाद देताना करतो, तसाच. पोरही घरी पढवलं होतं तशी पुढे झाली, विडा घेतला, दोन पावलं मागे सरून वाकून मुजरा केला.

मडमेला काहीच कळलं नाही. तिने टाळ्या वाजवल्या. ज्यांना कळलं ते एकमेकांच्या पगड्यांकडे पाहू लागले. आक्षेप घ्यायचा तर आधी सांगावं लागणार, की हा रिवाज आपल्याला ठाऊक कसा! रावसाहेबांचा हात बराच वेळ तसाच अधांतरी राहिला. मला हसू येत होतं आणि संतापही. या लोकांनी म्हातारीला आयुष्यभर पाहिलं होतं, तिची अदा नुसत्या हातावरून ओळखली होती, आणि त्या हॉलमध्ये तिचं नाव घ्यायला एक जीभ उचलली नाही.

संध्याकाळी मी खाडीवर गेलो. सगळं सांगितलं. म्हातारीने एकच विचारलं, "दाद कुठल्या जागेला आली?"

"आई परत फिरते तिथे. चौकटीवरच्या हाताला."

"मलाही तिथंच द्यायचे," ती म्हणाली. मग घाबरून, "मुजरा कशाला केलान् मेलीनं! नाव काढतील आता."

"काढणार कोण? विडा त्यांनीच दिला ना?"

ती हसली, ठसका लागेपर्यंत हसली. पोर दाराआड उभी होती, मार बसेल म्हणून. म्हातारीने तिला समोर बोलावलं.

"दाखव पुन्हा, चौकटीवरचा."

पोरीने हात लावला. म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं.

"कोपर पडलंय. उचल."

माझ्या पत्रकांचा गठ्ठा काखेतच होता. तो बाजूला ठेवून मी बसलो.